एका घड्याळाची एक वाटी

४ मार्च
ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझ्या लिंबाच्या झाडावरच्या अळ्या पोचल्या, मनापासून आभार. त्यांच्या अंगातून शेवटी गांधीलमाश्याच निघाल्या, तिळाहून बारीक! पण माझी फजिती झाली आहे. काहींची पाठ गुळगुळीत, काहींच्या पाठीवर खाच. मी म्हणते या दोन जाती. आमच्या कीटक-संग्रहालयाच्या मोठ्या बाई म्हणतात, एकाच आईची लेकरंही अशी निघू शकतात. एका अळीच्या अंगात एकच माशी आपली सगळी अंडी घालते, म्हणून एका अळीतून दोन्ही निघतात का, एवढं कळलं तरी वाद मिटेल. आणि मी शहाणीने सगळ्या एकाच बाटलीत भरल्या! महिनाअखेर माझी गांधीलमाश्यांच्या जातींची यादी छापायला जाते. तोवर सिद्ध झालं नाही तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

भाचीवरचा लोभ, ही बाटली विसरून, आहे तसाच ठेव.
तुझी चिमणी

१० मार्च
चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं वेडाबाई, सुट्टीत माझ्या दुकानात बसून शिकलीस काय? एका घड्याळाचे स्क्रू एका वाटीत! सारखे दिसतात म्हणून एकत्र करायचे नसतात, हे सांगून सांगून माझा घसा सुकला होता.

असो, रडू नकोस. उरलेल्या आठ अळ्या मी सवयीने आठ वाट्यांत ठेवल्या होत्या, वर घड्याळाची काच झाकून. माश्या निघाल्यात. वाटीवार नंबर घालून पाठवतोय. माझ्या डोळ्यांना सगळ्या सारखेच ठिपके दिसतात, पण सरमिसळ झालेली नाही हे छातीठोक सांगतो. दुकान बंद केल्यापासून हातांना काम नव्हतं. तू दिलंस, फार बरं वाटलं.

वेळेवर जेवत जा, म्हणजे मला पावलं.
तुझा मामा

२४ मार्च
ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामा, जिंकलो! पाच वाट्यांत सगळ्या खाचेच्या, तीन वाट्यांत सगळ्या गुळगुळीत, एकीचीही भेसळ नाही. मोठ्या बाईंनी स्वतः दोनदा तपासलं आणि सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली. मग विचारलं, या वाट्या सांभाळल्या कोणी? मला रडूच फुटलं. तुझे उपकार मला फेडायचेच नाहीत, असेच राहू देत.

आमच्याकडे प्रत्येक माशीच्या टाचणीखाली नखाएवढी चिठ्ठी असते. अळी कोणी सांभाळली, ते त्यावर लिहायचंच असतं. एक जास्तीची सोबत पाठवते आहे.

माया आहेच, ती वाढतीच असू दे.
तुझी चिमणी

३० मार्च
चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

झाडावर नव्या अळ्या आल्यात, वाट्या धुऊन ठेवल्यात. बाईंना माझा नमस्कार सांग.

चिठ्ठी डोळ्याला भिंग लावून वाचली. तीनदा. चाळीस वर्षं मी प्रत्येक घड्याळाच्या झाकणाला आतून सुईने माझं नाव कोरत आलो. ते वाचणार फक्त पुढचा कारागीर, आणि तोही घड्याळ पुन्हा बिघडलं तर! काहीच बिघडलेलं नसताना माझं नाव कोणी वाचेल, असं कधी वाटलं नव्हतं गं.

अशीच पत्रं पाठवत राहा.
तुझा मामा