बदलीचा पंप

गुरुवार, ६ फेब्रुवारी. सकाळी दवाखान्यात गेले. दुपारी डॉक्टर भेटले. चारला करंजाड्याला घरी आले. जेवले नाही.

बाबा, तुमच्या धाकट्याचं हृदय दोन्ही बाजूंनी कामातून गेलंय. तुम्ही गेलात तेव्हा तो शाळेत होता, आता त्याचे केस पिकलेत. एका बाजूला आधार देणारा पंप त्याला पुरणार नाही, दुसऱ्या कुणाचं हृदय मिळालं तरच, असं डॉक्टर म्हणाले. कधी मिळेल ते कुणी सांगत नाही. मी विचारलं, तोवर बदलीचं काही नसतं का? त्यांना कळलं नाही. तुम्हाला लगेच कळलं असतं.

पळस्प्याच्या रस्त्यावरच्या आपल्या पंपदुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन यायचं, आणि ती उघडण्याआधी तुम्ही कोपऱ्यातला बदलीचा पंप त्याच्या हवाली करायचात. दुरुस्ती होईपर्यंत त्याचं पाणी तुटायला नको. ओळखू यावा म्हणून मी त्यावर लाल पट्टा मारला होता. एक मळेवाला तो परतच करेना, हाच बरा चालतो म्हणे. तुम्ही म्हणालात, "बदलीचा हाय तो. घरजावई करून ठेवतोस काय?" मला मात्र पंप चालू करून त्यावर तळहात ठेवायला लावायचात. थरथर एकसारखी लागली की मगच तो बाहेर जायचा.

डॉक्टरांनी मग सांगितलं, असं यंत्र आहे. आधीची हवेच्या दाबावर चालायची, त्यांचे पडदे झिजायचे. नव्यात एकच चक्र आहे, चुंबकाच्या जोरावर कुठेही न टेकता फिरतं. बेअरिंगच नाही. हे ऐकताना मला तुमचा चेहरा दिसला. माणसाचं हृदय काढून त्या जागी ते बसवतात, बॅटरी शरीराबाहेर असते. दुसरं हृदय मिळेपर्यंत काही माणसं त्यावर घरीही राहिली आहेत. पण ते परदेशात, चाचणीपुरतं, मोजक्यांना. डॉक्टर मला म्हणाले, "तुमच्या भावासाठी नाही."

मी धाकट्याला यंत्राचं सांगितलं. त्यात नाडी नेहमीसारखी लागत नाही, तेही सांगितलं. तो म्हणाला, "मग ताई, मी आहे की गेलो, हे तुला कसं कळणार?" मी म्हटलं, तुझ्या बडबडीवरून. तो हसला, त्यात त्याला धाप लागली, आणि नर्सने मला बाहेर जायला सांगितलं. मी दारात असताना त्याने विचारलं, "कधी बसवणार?"

"विचारते," म्हणाले मी. बाबा, विचारून झालं होतं.

हे कुठे पाठवायचं नाही, तरी लिहिलं. दुकान बंद झाल्यावर तो पंप मी कुणाला दिला नाही, घराच्या टाकीला लावला. पट्टा फिका झालाय. आत्ता टाकी भरलेली आहे. तरी मी खाली जाऊन तो चालू करणार आहे, आणि थोडा वेळ त्यावर हात ठेवून बसणार आहे.