पाचही बोटं

धाकट्या,

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर सांभाळून घे. अर्धांगाच्या झटक्यानंतर माझ्या उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. दवाखान्यात तिच्यावर यंत्राचा हातमोजा चढवतात. आपण मनापासून जोर लावला तरच पडद्यावरची हिरवी रेघ चढते आणि मोजा बोटं उघडून देतो. नुसतं बसून राहिलं तर ढिम्म हलत नाही.

व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, "काका, हा हात काय काय करायचा ते आठवा."

चाळीस वर्षं कात्री चालवली, तीच आठवली. रेघ हलली नाही. मग नको तेच आठवलं. कापड वाकडं कापलं म्हणून गिऱ्हाइकांदेखत मी तुझ्या थोबाडीत मारली होती. खडूची खूण माझीच चुकली होती. तुला ते ठाऊक होतं, तरी तू बोलला नाहीस.

रेघ सरसर चढली. पाचही बोटं उघडली.

"कसं जमवलंत, काका?"

"कात्री आठवली," म्हणालो.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून हे पत्र शिलाई मशीनच्या खणातच राहील. तू दुकान सोडून गेलास त्याला अकरा वर्षं झाली, आणि मी अजून रोज तुला मारून बरा होतोय.

तुझा,
दादा