बिनऊन्हाचा चिंतामणी

४ नोव्हें. ९३
मी बोलले की तोंडाळ, आणि पाहुणे आले की "आई, तुम्ही काहीतरी बोला ना." काल नातीची, मिनीची, होणारी सासू, मिश्राइन, चहाला आली. मुलगा मुका, सून मुकी. शेवटी मीच. म्हटलं, हमारे में विहीण को चिंतामणी साडी देते हैं. ऐसा नीला पूरे लखनऊ में नहीं मिलेगा.
"अच्छा, माताजी? कौन सा नीला?"
सांगता येईना. आकाशी नव्हे, शाईचा नव्हे... म्हटलं, देखोगी तब जानोगी.
ती गेल्यावर मुलगा म्हणतो, असा रिवाज आपल्यात कधी होता? नव्हता. आता आहे.

५ नोव्हें.
सोलापूरला धाकट्या बहिणीला, कमळीला, कार्ड टाकलं. चिंतामणी इरकल पाठव. रंग समजावला नाही. एकाच आईच्या पोटच्या.
मिनीला नावाचा अर्थ हवा. आई सांगायची तेच सांगितलं. चिंतामणी म्हणजे मनात धरू ते देणारा देवांचा मणी, त्याचा रंग तो हा. आईने मणी कुठे पाहिला देव जाणे. मिनी म्हणे, "दादी, फिरोज़ी बोलो ना. वो भी फिरोज़ा पत्थर से आया." दगड तो दगड, मणी तो मणी.

१८ नोव्हें.
पार्सल आलं. साडी हिरवी! खिडकीशी नेली तर निळी. आत आणली, परत हिरवी. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. कमळीची चिठ्ठी: "ताई, आईची अशीच होती, मोराच्या मानेसारखी. तू विसरलीस."
विसरतंय माझं खेटर. आई ती नेसून अंगणात पापड वाळत घालायची. निळीच. कमळी कायम चुलीपाशी पदराला चिकटलेली, तिला काय दिसणार!

१९ नोव्हें.
मिश्राइनला रविवारी चारला बोलावलंय. वेताची खुर्ची खिडकीत. उजेड आहे तोवर ओटी उरकायची. मुलाला बजावलं, ट्यूबला हात लावलास तर बघ.

२१ नोव्हें., रवि.
चारचे पावणेसात केले बाईने. "चारबाग पर जाम था, माताजी." थोडा वेळ तशाच अंधारात बसलो. मग तीच म्हणाली, "बिजली नहीं है क्या?" लावली. साडी उलगडली.
"अरे, ये तो हरा है!"
म्हटलं, दिन में नीला होता है. माझं मलाच खोटं वाटलं. मिनी मधेच, "आंटी, चिंतामणी मतलब जो माँगो वो दे."
"बेटा, मैंने तो नीला ही माँगा था."
सगळे खिदळले. मी चहा गाळायला आत. बाई तोंडाची तिखट आहे. मिनीला चांगली मिळाली.
जाताना म्हणते, बुधवारी दुपारी नेसून येते, "धूप में देखेंगे."

२२ नोव्हें.
सकाळपासून मळभ. बूथवरून कमळीच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. बजावलं, बुधवारी तीनला फोनपाशी बस. ऊन असलं तर मी बोलेन. नसलं तर मिश्राइनला बूथवर आणते, साडी हिरवी का याचं उत्तर तूच द्यायचं. आणि हिंदीत.