खंडेनवमीचा धागा

घटकेसर,
कार्तिकातला रविवार, १९९८

दसऱ्यानंतर हिम्मतरावांच्या घरी तुझे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी चपला न घालता बांधावरून पळत गेले, आणि दोन्ही वेळा तू एकच विचारलंस, आजी, बॅटरी कशी आहे? बॅटरी! तिला काय मी जन्म दिलाय? घरात एक म्हातारा माणूस आहे, तुला खांद्यावर बसवून तारनाक्याच्या क्वार्टरभर फिरवलेला. तो कसा आहे हे विचारायला तुझी जीभ वळली नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

प्रिय शिवराज,

आशीर्वाद. तो आजीने द्यायचाच असतो म्हणून देते. मी चौथीपर्यंत शिकले, एकेक अक्षर काढायला वेळ लागतो, तरी कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर बोललं की हिम्मतरावांची सून शेंगा सोलत सगळं ऐकते. तुला मराठी वाचायचं म्हटलं की डोकं दुखतं, हे मला माहीत आहे. तेजश्रीकडून वाचून घे. तेजश्री, नातसूनबाई, एक शब्द गाळायचा नाही. आणि मी जिथे रागावले असेन तिथे आवाज गोड करायचा नाही.

तुझी बॅटरी झकास आहे. दोन ट्यूबलाइट, पंखा, नऊच्या बातम्या, सगळं चालतं. विजेचे खांब अजून आलेले नाहीत, पण आमचं काही अडत नाही. आजोबांचं सांगते. आजोबा आता कशाला हात लावत नाहीत. दसऱ्यापासून दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे, कडी लावली का. चुलीजवळ दुसरी, गोळी सकाळी. गोळी घेऊन अर्धा तास झाला की मला विचारतात, अगं, मी घेतली का? मी म्हणते, घेतली. मग पुन्हा एकदा गोळ्या मोजतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला रेल्वेतले जुने लोक तारनाक्याला जमतात, तिथे दोन महिने गेले नाहीत. म्हणतात, बस कुठे बदलायची हे विसरलो तर? चाळीस वर्षं त्याच रस्त्याने गेलेला माणूस! मी लई ओरडले. ओरडून उपयोग होत नाही, नुसता मान हलवतो.

आता मागचं आठव. पाडव्याला तू सहा महिने अमेरिकेत राहून आलास, हातात तो काळा चकचकीत कंट्रोलर. उन्हावरचं पॅनेल आणि बॅटरी आजोबांनी आधीच आणून ठेवली होती. कंट्रोलरही पसंत करून ठेवला होता. जामबागेत अप्पारावाचं बॅटरीचं दुकान आहे, तो स्वतः बनवतो तसला, पत्र्याचा, आत एक स्क्रू, तो फिरवून पाण्याच्या बॅटरीला लागेल तसं बसवायचं. आजोबांनी मला समजावून सांगितलं होतं, की उन्हाची वीज बॅटरीत किती जाऊ द्यायची आणि आपण किती काढायची, एवढंच याचं काम; पण चुकीचा बसला तर बॅटरी मरते. तू तो पत्र्याचा कंट्रोलर हातात घेतलास आणि हसलास. म्हणालास, आजोबा, आता देश उघडलाय, जगातला चांगला माल मिळतो, हे पत्रे किती दिवस ठोकत बसणार? तुझा सासरा शशिकांत शेजारी बसला होता, तोही हसला. आजोबांनी त्याच्यासमोर तुला एकच विचारलं, बाळा, ही पाण्याची बॅटरी आहे, तुझ्या कंट्रोलरला ते सांगावं लागत नाही का? तू त्याच्याबरोबर आलेलं पुस्तक न उघडताच म्हणालास, हा सगळं आपोआप ओळखतो. अप्पारावाचा कंट्रोलर तसाच परत गेला.

ज्याला तू हे शिकवलंस त्याने चौतीस वर्षं रेल्वेत काय केलं, हे तेजश्रीला माहीत नसेल म्हणून लिहिते. गाडीच्या डब्याखाली बॅटऱ्या असतात, त्यांच्यावर आतले दिवे-पंखे चालतात. त्या बॅटऱ्यांचं पाणी बघायचं, काचेच्या पिचकारीत आम्ल ओढून किती जड आहे ते वाचायचं आणि वहीत लिहायचं, हे तुझ्या आजोबांचं काम. इथेही दर सोमवारी तेच. लाल वही, सोमवारची तारीख, पाणी किती घातलं, पिचकारीतला आकडा किती. श्रावणात दिवे मंद व्हायला लागले. आकडा दर आठवड्याला खाली. आजोबा मला म्हणाले, बॅटरी उपाशी राहते आहे. मी म्हटलं, मग लिहा शिवराजला. म्हणाले, पोराने हौसेनं आणलंय, दसऱ्याला येईल तेव्हा सांगू.

तू खंडेनवमीला आलास. दुपारी एकटाच बॅटरीच्या खोलीत गेलास, दार लोटून घेतलंस. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या पंगतीत, ताटं वाढलेली, शशिकांत आहे, तुझा बाप लक्ष्मण आहे, हिम्मतरावांचं सगळं घर आहे, आणि तू म्हणालास, कंट्रोलर उत्तम आहे, बॅटरीत पाणीच नव्हतं, काल मी भरलं. आजोबा घालायला विसरले. वय झालं, चालायचंच. आणि वरून हसून त्यांच्या पाठीवर थोपटलंस. आजोबांच्या हातात पुरणपोळीचा तुकडा होता, तो त्यांनी ताटात परत ठेवला. म्हणाले, असेल. मला वाटतं मी घातलं होतं. असेल बाबा. जेवण करून तू निघून गेलास. आठवड्याभरात दिवे लख्ख झाले. मग कोण कशाला शंका घेईल? पाणी घातलं, बॅटरी सुधारली, म्हणजे पाणीच नव्हतं.

माझंही लिहिते, नाहीतर तू म्हणशील आजी दुसऱ्यालाच बोलते. पुढच्या सोमवारी आजोबा वही घेऊन उठले, तेव्हा मी त्यांच्या हातातून पाण्याचा कॅन काढून घेतला. म्हटलं, राहू द्या, पुन्हा विसराल, मी घालते. मी म्हटलं हे. त्यांनी पिचकारीही माझ्या हातात दिली, आणि कशी धरायची ते दाखवलं. दसऱ्यानंतर तेवढं एकच शिकवताना त्यांचा आवाज नीट निघाला.

आता मी घालते आहे दर सोमवारी पाणी, लिहिते आहे वाकड्या आकड्यांत. आणि बॅटरी पाणी पिते आहे! दर आठवड्याला थोडं थोडं घालावं लागतं. मागची पानं उलटली, तर पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत आजोबांच्या आकड्यांत पाणी जवळजवळ लागलेलंच नाही. मला वाटलं, आता बॅटरी बिघडली. वही आणि तुझं इंग्रजी पुस्तक पिशवीत घातलं, बेगम बाजारात मिरच्या घ्यायला जाते असं सांगितलं आणि जामबागेत अप्पारावाकडे गेले. त्याने वही दोनदा वाचली. म्हणाला, अम्मा, साहब तो हर सोमवार देखे. पाणी उतरलंच नाही, तर घालणार काय? दसरे तक इसका पेट कभी भरा इच नहीं. पोट भरलं की पाण्याची बॅटरी जरा उकळते, पाणी पिते. ही सहा महिने अर्ध्या पोटी होती. मग पुस्तकातलं चित्र काढून दाखवलं. कंट्रोलरच्या झाकणाखाली एक बारीक टोपी असते, ती एका जागी असली तर बंद, म्हणजे पाणी न लागणाऱ्या बॅटरीसाठी, दुसऱ्या जागी बसवली तर पाण्याच्या. कारखान्यातून बंद बॅटरीवरच येते. अप्पाराव दुसऱ्या दिवशी स्कूटरवर इथे आला, झाकण उघडलं. टोपी पाण्याच्या जागेवर होती. म्हणाला, हे कोणीतरी मागाहून बदललंय. वही सांगते कधी. दसऱ्याच्या आठवड्यात.

त्या झाकणाला आजोबांनी कधी हात लावला नाही, तूच बजावलं होतंस की लावू नका. मी तर त्याच्यावरची धूळही भीत भीत पुसते. मग राहिलं कोण, शिवराज? आणि आता तू काय म्हणशील तेही मला माहीत आहे. टोपी बदलली हौ, पण पाणीही नव्हतं, तेही मी घातलं. तर ऐक. खंडेनवमीला सकाळी आजोबांनी त्यांची पिचकारी, पाना आणि पाण्याचा कॅन देवापुढे मांडला. दरवर्षी मांडतात, रेल्वेत असल्यापासून. कॅनच्या झाकणाला मी स्वतः पिवळा धागा गुंडाळून गाठ मारली आणि वर कुंकू लावलं. घरात दुसरा कॅन नाही. बॅटरीला कॅनमधलं शुद्ध पाणीच लागतं, हौदाचं घातलं असतंस तर ती सुधारली नसती, बिघडली असती. तू गेल्यावर पुढच्या सोमवारी मी कॅन उचलला तेव्हा ती गाठ माझीच होती, कुंकवासकट, मी विळीवर कापली. कापली आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. तो पडायला अप्पाराव लागला.

मी हे सगळं आजोबांना सांगितलं. वही दाखवली, धाग्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. शिवराज खोटं कशाला बोलेल? एवढा विश्वास आहे तुझ्यावर. स्वतःच्या डोक्यावर नाही, तुझ्यावर आहे. त्यांनी लक्ष्मणला निरोप धाडला आहे, की माझ्या भरवशावर हिला इथे ठेवणं बरोबर नाही, येऊन घेऊन जा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी लक्ष्मण टेम्पो आणणार. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर एक खुर्ची आहे, आजोबा तीत बसतील आणि खरोखरच सगळं विसरायला लागतील. म्हणून हे पत्र. टोपी चुकली त्याचा मला राग नाही, माणूस चुकतो. चार माणसांत ती चूक म्हाताऱ्याच्या पदरात घातलीस, त्याचा आहे. त्या रविवारच्या आत इथे पत्र यायला पाहिजे, नाव आजोबांचं. मला क्षमा-बिमा मागू नकोस, मी तुझ्याशी सध्या बोलत नाही. फोन करायचा नाही. अक्षर वेडंवाकडं येऊ दे, पण मराठीत, त्यांना चष्मा लावून स्वतः वाचता येईल असं. आणि त्यात एवढं असलंच पाहिजे, की पाणी होतं.

तुझी, सध्या नाइलाजाने,
आजी पद्मावती

ता. क. तेजश्री, वाचून झालं असेल तर हा कागद त्याच्या हातात दे, आणि पेन दे. तुझं अक्षर सुंदर आहे, लग्नाच्या पत्रिकांवर पाहिलंय मी. उत्तर तू लिहायचं नाहीस. त्यानेच लिहायचं.