दवंडीनंतरचं वाक्य

बाबा, गावात तुमच्याबद्दल अजून बोलतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, ज्यांनी तुम्हाला पाहिलंही नाही अशी पोरं मिशा फुटून मोठी झाली, तरी चार माणसं बसली की कुणीतरी म्हणतंच, "कोतवाल असता तं असं झालं नसतं." मी या गावची सरपंच आहे. समोर खुर्चीवर बसलेली असते, आणि माझ्या तोंडावर म्हणतात. आधी आधी ऊर भरून यायचा. आता अंगाचा तिळपापड होतो. गेलेल्या माणसाचा, त्यातही बापाचा, असा हेवा करणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण मला तुमचा हेवा वाटतो, बाबा, आणि आज तो सगळा लिहून काढायचा आहे.

वरून आलेला हुकूम गावात फिरून सांगायचा, हे तुमचं काम. आपण बौद्ध झालो तेव्हा आजोबांनी डफडं कायमचं खाली ठेवलं, म्हणून तुम्ही शिट्टी वाजवायचात. शिट्टी ऐकली की बाया पिठाचे हात तसेच घेऊन ओट्यावर यायच्या. तुम्ही हुकूम शब्दाला शब्द सांगायचात आणि शेवटी म्हणायचात, "हे तहसीलदार साहेबाचं म्हणणं हाय." नाहीतर, "हे मंत्र्याचं म्हणणं हाय." बस. हुकूम ज्याचा त्याच्या नावावर टाकून तुम्ही पुढच्या गल्लीत. पण कधीतरी, फार क्वचित, त्यापुढं आणखी एक वाक्य यायचं. "आन् हे मीबी सांगून राह्यलो." लोक त्या वाक्यासाठी थांबलेले असायचे. जी दवंडी ऐकायची राहायची तिच्याबद्दल माणसं एकमेकांना एवढंच विचारायची, "कोतवाल सोता काही बोलला काय?" पोरांना सुई टोचायला दवाखान्याची गाडी आली तेव्हा अफवा अशी होती की सुईनं पोरं लुळी होतात. आयांनी दारं लावून घेतली होती. तुम्ही ते वाक्य बोललात आणि घरी येऊन मलाच उचलून गाडीपाशी नेलंत. सुई मला टोचली, विश्वास तुमच्यावर बसला. तेव्हापासूनच हे असं चालू आहे.

घरातही तुमचा तोच कायदा. एकदा शाळेतून पळत आले, आई चुलीपुढं ज्वारीची भाकर थापत होती, तुम्ही पाटावर बसलेले. मी ओरडले, "बाबा, आपल्या गावात कॉलेज होणार!" तुम्ही घास खाली ठेवला. "तू पाह्यलं काय?" मी म्हटलं, नाही, मंत्री सभेत बोलले. "मंग मंत्री म्हनते असं म्हण. आपलं तोंड दुसऱ्याच्या वायद्याले कायले लावतं?" मी रडवेली झाले. आई म्हणाली, लेकराले जेवू तरी द्या. तुम्ही जेवू दिलंत, पण वाक्य मला पुन्हा नीट म्हणायला लावलंत.

आणि मी वर्गात पहिली आले तेव्हा? तुम्ही आईला सांगितलंत, "गुरुजी म्हनते, पोरगी हुशार हाय." गुरुजी म्हनते! मी दाराला टेकून उभी होते, पुढचं वाक्य येतं का म्हणून. तुम्ही हात धुवायला गेलात. मग बोथच्या बाजारातून माझ्यासाठी शाईचा पेन आणलात, हिरव्या टोपणाचा. मी तो छातीशी धरला, आणि तुम्ही म्हणालात, "दुकानदार म्हनून राह्यला, चांगला चालते." बाबा, तुमच्या हातचा पेनसुद्धा दुकानदाराच्या भरवशावर! साऱ्या गावाला तुम्ही जे वाक्य दिलंत, कुणाच्या आजारी पोरापायी दिलंत, कुणाच्या लग्नाच्या जमवाजमवीत दिलंत, ते मला एकदाही मिळालं नाही. मी गावातल्या पोरापोरींवर जळायचे, आणि त्यांना बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता.

तलावाच्या वेळचं मला सगळं आठवतं. मी तेव्हा सातवीत. तलावासाठी आपल्या शिवारातली जमीन हवी आहे, आम्ही ती राजीखुशीनं देतो असा अंगठा द्यायला लोकांनी यावं, असा हुकूम आला. नोटीस नाही, मोजणी नाही. तुम्ही शिट्टी वाजवली, हुकूम जसाच्या तसा सांगितला, सरकारच्या नावावर टाकला आणि गप्प झालात. सोबत आलेला साहेब जीपमधून उतरला. मी मारुतीच्या पाराशी उभी आहे, माझ्यासमोर हे चाललं आहे. तो म्हणतो, "कोतवाल, तुझंही सांग. लोक तुझं ऐकतात." तुम्ही टोपी काढता. "साहेब, तुमचा हुकूम म्या सांगतला. उद्या पुन्हा सांगा म्हनान तं पुन्हा सांगीन. पन राजीखुशी माही नाही, मी कशी सांगू?" तो तुमच्या अंगावर ओरडतो. तुम्ही मान खाली घालून ऐकता, आणि ते वाक्य काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी चावडीत अंगठ्याला कुणी आलं नाही. तुम्हाला पावसाळाभर ऑफिसच्या व्हरांड्यात नुसतं बसवून ठेवलं, आणि गावातली माणसं पाळीपाळीनं तुमची भाकर घेऊन जायची. आम्ही नेलेली भाकर तुम्ही परत पाठवायचात, कारण पोट भरलेलं असायचं. तलाव पुढं झालाच. रीतसर नोटिशी आल्या, मोजणी झाली, लोकांनी जमिनी दिल्या, आणि त्या दवंडीत तुम्ही ते वाक्यही बोललात. तुम्ही सरकारच्या विरोधातले नव्हता, हे आज तुमचं नाव घेऊन मुठी आवळणाऱ्यांना कुणी सांगावं!

आता माझं ऐका. गावाच्या गायरानावर सोलरच्या प्लेटा बसवायच्या आहेत. आमच्या नेत्यांचा फोन आला. माणूस वाईट नाही, बाबा. माझ्यासाठी दारोदार फिरले, मी निवडून आल्यावर नाल्यावरचा पूल करून दिला. तुम्हाला कोतवालकी वारशानं आली होती, मला ही खुर्ची त्यांनी मिळवून दिली, हा फरक तुमचे गोडवे गाणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. आपलं गाव मराठी, पण राज्य तेलुगू, म्हणून ठराव तेलुगूत तयार होऊन आला होता. त्यात लिहिलेलं, ग्रामसभा भरली, गावानं एकमतानं गायरान दिलं. खाली माझ्या सहीची जागा. मी म्हटलं, साहेब, सभा तर झालीच नाही. नेते म्हणाले, "ताई, लोकांचं भलंच आहे त्यात. माझ्यावर विश्वास नाही का?" विश्वास होता. म्हणून तर तो कागद मी घरी नेला, आणि सही न करता जेवायला बसले, आणि जेवण गेलं नाही.

मग मी सभाच बोलावली. कायद्यात तेच आहे, आधी सभा, मग ठराव. पंचायतीच्या भोंग्यावरून ठराव वाचला, मराठीत सांगितला, आणि म्हटलं, हे वरून आलेलं आहे. तेवढ्यावर माइक बंद करणार होते. पण माणसं हलेनात. पिंपळाखाली बसलेली म्हातारी, तुमच्याच वयाची असेल, तिनं हात वर केला. "बाई, वरचं समजलं. तुहं काय म्हननं हाय?" नेत्यांचा माणूस पंचायतीच्या दाराशी मोबाइल धरून उभा होता. मी म्हटलं, "प्लेटा बसू नये असं माझं म्हणणं नाही. पण किती जमीन, किती वर्षं, गुरं चरायला कुठं जातील, हे त्यांनी इथं येऊन सांगावं. तोवर मी सही करत नाही. हे मी सांगून राह्यली." टाळ्या नाहीत, काही नाही. लोक उठले, धोतरं झटकली. आणि जाता जाता एक जण दुसऱ्याला म्हणाला, "कोतवालाची लेक हाय, दुसरं काय करंन?"

बाबा, त्या क्षणी मला तुमचा जितका राग आला तितका कधी आला नसेल. आयुष्यात एकदा मी स्वतःच्या तोंडानं बोलले, नेत्यांच्या माणसासमोर बोलले, आणि तेही तुम्हालाच गेलं! घरी आले तर आई भिंतीला टेकून तुमच्या फोटोकडं बघून हसत होती. माझ्याकडं नाही, फोटोकडं.

पुढं व्हायचं ते झालं. कारणे दाखवा नोटीस आली, सरपंचपद का काढू नये म्हणून. नेत्यांचे फोन बंद झाले. नोटीस घेऊन मी मंडल ऑफिसात, म्हणजे तुमच्या वेळच्या तहसिलीत, गेले तर तिथल्या साहेबांनी दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात वाट सांगितली. वयानं माझ्याहून लहान, मनानं चांगले. "मॅडम, साधं लिहून द्या. तुमच्या वडिलांची जुनी शिकवण गावात आहे, लोक त्या भरात अडून बसले, तुम्ही स्वतः काहीच बोलल्या नाहीत. मयत माणसावर कोण कारवाई करणार? तुमची खुर्ची वाचेल." आणि खरंच वाचली असती. सगळं गाव साक्षीला आलं असतं, कारण सगळ्या गावाला तसंच वाटतं. तुम्हालाही काही लागलं नसतं. व्हरांड्यात बसवायला तुम्ही आहातच कुठं?

मी तिथंच बसून उत्तर लिहिलं. मी बोलले, माझ्या विचारानं बोलले, माझ्या वडिलांचा यात काही संबंध नाही. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बापाचं नाव जपलंत." संध्याकाळपर्यंत ते गावात पोहोचलं. लेक असावी तर अशी, बापाच्या नावाला डाग लागू दिला नाही, असं आता ओट्याओट्यावर चाललं आहे. आईनं माझी दृष्ट काढली.

निकाल अजून यायचा आहे. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, उद्या चुलीत घालीन. गावाला काय वाटायचं ते वाटू द्या, तुम्हाला तरी खरं सांगते. मी तुमचं नाव जपायला तसं लिहिलं नाही, बाबा. खुर्ची जायचीच असेल तर माझ्या बोलण्यानं जावी, तीही तुमच्या नावावर पडू नये, एवढ्यासाठी लिहिलं.