आसावरीची ओळख कोणी करून द्यायची

ॲन आर्बर, मिशिगन
दिवाळीनंतरचा दुसरा रविवार

ती. शैलजाताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे गुरुदत्तचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. गुडघे बदलल्यापासून मी खाली वाकलो की उठवायला वसुधेला बोलवावं लागतं.) आम्ही दोघं बरे आहोत. तुझी साखर आटोक्यात आहे का, हे विचारत नाही, कारण नसली तरी तू ‘आहे’च म्हणणार. खांदा कसा आहे? वसुधेने पाठवलेलं मलम तू शेजारच्या पाटीलबाईंना देऊन टाकलंस, असं पाटीलबाईंच्या सुनेकडून कळलं. त्यांचा खांदा आता उत्तम असल्याचंही कळलं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुझा इलाज नाही. मध्येच पत्र खाली ठेवशील, पण उत्सुकतेपोटी पुन्हा उचलशील, एवढा तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

तर तू सोपवलेल्या कामगिरीचा हा अहवाल. आसावरी आठ दिवस आमच्याकडे येणार, तेवढ्यात मामाने तिला समजवावं, असं तू फर्मावलं होतंस. तुझी तक्रार मी जशीच्या तशी पाठ केली होती. मुलगी दातांची डॉक्टर झाली, म्हणून घराच्या तळमजल्यावर तिला दवाखाना काढून दिला. ती एक वर्षासाठी म्हणून उत्तर कॅनडात गेली, त्याला आता दहा वर्षं होतील. जिथे नदी गोठली की तिच्यावरूनच गाड्या जातात, अशा गावात राहिली. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून निवडणुकीला उभी राहिली आणि तिथल्या विधानसभेत जाऊन बसली. इकडे सांगलीत दवाखान्याची खुर्ची प्लास्टिकच्या कव्हराखाली तशीच आहे. ती निवडून आली त्या दिवशी तू फोनवर ‘बरं’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून गेली तीन वर्षं तुम्हा मायलेकींचा पत्रव्यवहार माझ्यामार्फत चालला आहे. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक आहे, तिला तिने उभं राहू नये, एवढं वदवून घ्यायचं माझ्याकडे होतं.

पण मी तोंड उघडण्याआधीच आमच्या महाराष्ट्र मंडळाने तिला ताब्यात घेतलं. मंडळाचा अध्यक्ष संग्राम हा पुण्याचा मुलगा. (मुलगा म्हणायचं एवढंच, डोक्यावर केस नाहीत.) मोटारींच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि सगळी कामं मोटारीच्याच वेगाने करतो. माझी भाची आमदार आहे हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, आणि त्याचा लगेच फोन आला. “काका, दिवाळी प्रोग्रॅमला त्याच चीफ गेस्ट! एकदम ग्रँड करू. आपल्या मंडळाला आजवर साधा नगरसेवक मिळाला नाही, यार.” मी आसावरीला विचारलं. ती म्हणाली, “जेवण आहे ना?” ही संमती समजण्यात आली.

मग त्याने परिचयासाठी माहिती मागवली. तिने एक पान लिहून पाठवलं, तिकडे मतदारांना पाठवते तसंच. ते वाचून मंडळाच्या कार्यकारिणीवर शोककळा पसरली. त्यात होतं काय, तर ती गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक आहे, वाचनालयाच्या समितीवर आहे, शाळेत पोरांना सकाळी नाश्ता वाढते, आणि कर्लिंग क्लबची चिटणीस आहे. (कर्लिंग म्हणजे बर्फावर एक जड दगड सोडायचा आणि त्याच्यापुढे जिवाच्या आकांताने झाडू मारत पळायचं. सांगलीच्या घरात जिने आयुष्यात झाडू हातात धरला नाही, तिला त्यात ढाल मिळाली आहे. ही बातमी तुला बसूनच वाचायला सांगायची होती, राहून गेलं.) विधानसभेतलं काम म्हणून एकच ओळ होती: गावच्या छोट्या विमानतळावर दिवे बसवले. कार्यकारिणीतले डॉक्टर सुमंत, मूळचे नागपूरचे, त्यांनी विचारलं, “पक्ष कोणता?” मी म्हटलं, तिथल्या विधानसभेत पक्षच नाहीत, सगळे आपापले निवडून येतात आणि एकत्र बसून ठरवतात. डॉक्टर म्हणाले, “पण मग फुटायचं कुठून?”

मतदार किती, तर साधारण अकराशे. पुण्यात संग्रामच्या आईवडिलांच्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात, आणि त्या सोसायटीचा चेअरमन लाल दिवा नसला तरी तशाच तोऱ्यात फिरतो. संग्रामने पेन घेतलं आणि “काका, ही चिल्लर काढून टाकू” म्हणत नाश्ता, झाडू, वाचनालय सगळं काढलं. पानाची पहिलीच ओळ अशी होती: ‘आसावरी, शैलजा आणि श्रीराम यांची मुलगी.’ तीही काढली. म्हणाला, असं फक्त लग्नाच्या बायोडेटात लिहितात. उरलेल्या जागेत त्याने ‘उत्तर ध्रुवाचं तडफदार मराठी नेतृत्व’ असं घातलं.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या सभागृहाबाहेर आमदारांच्या ताफ्यासाठी शंकू ठेवून तीन जागा राखल्या होत्या. माझी गाडी थंडीने सुरूच झाली नाही, म्हणून आम्ही गावच्या बसने गेलो. त्या तिन्ही जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या आणि त्यांच्याकडे जळजळीत नजरेने बघत मंडळी लांब गाड्या लावून बर्फातून चालत आली. आसावरीच्या पाठीला पिशवी, पायात रबरी बूट. स्वागताला उभ्या असलेल्या दोन मुली तिच्या मागे बघत राहिल्या, आमदार मागून येत असतील म्हणून.

पुढचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला, म्हणून लिहितो. परिचय वाचायला उठण्याआधी संग्रामने घाईघाईत एक डिंकाचा लाडू तोंडात टाकला. (लाडू कुणाच्या घरचे होते ते लिहीत नाही; पत्र टपालात टाकण्याआधी वसुधा वाचते.) माईकमधून आधी एक ‘टक्’ ऐकू आलं, आणि मग शिट्टी. समोरच्या दाताची कॅप निघून त्याच्या हातात आली होती. त्याने “प्रमुख पाहुण्या” म्हणायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा पहिल्या रांगेतली पोरं हसली. आसावरी शांतपणे उठली, पिशवीतून तोंड तपासायचा आरसा काढला (आमदार झाली तरी तो सोडलेला नाही), फोनचा दिवा लावला आणि अडीचशे लोकांसमोर अध्यक्षांना आ करायला लावलं. “मिशिगनचं लायसन्स नाहीये माझ्याकडे, नुसतं बघतेय,” हे तिने माईकवर स्पष्ट सांगितलं. ते कुणाच्याही कानात शिरलं नाही. कॅप कागदात गुंडाळून त्याच्या खिशात घालेपर्यंत स्टेजच्या पायरीशी रांग लागली होती. सर्वांत पुढे डॉक्टर सुमंत, स्वतः डॉक्टर असून, गालावर हात ठेवून.

परिचयाचा कागद संग्रामने माझ्या हातात कोंबला. चष्मा घरी. आता उभं राहून काहीतरी बोलणं भाग होतं, आणि उत्तर ध्रुवाचं मला काही आठवेना. तेव्हा जे तोंडात आलं ते बोललो. म्हटलं, ही आसावरी. सांगलीची. माझ्या शैलजाताईची मुलगी. हिच्या आईने मला कृष्णेत ढकलून पोहायला शिकवलं आणि मग स्वतःच उडी मारून बाहेर काढलं. हिचे वडील श्रीरामराव गेले, तेव्हा ही दहावीला होती आणि आईने हिला एका दिवसाचीही शाळा बुडवू दिली नाही. ही तशा घरातली आहे. एवढं झाल्यावर मला पुढे काही सुचलं नाही, म्हणून मी बसलो. टाळ्या बेताच्याच पडल्या.

आमदारबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि पहिला काही वेळ नाक शिंकरण्यात गेला. मला वाटलं, सर्दी. मग त्या दोन मिनिटं बोलल्या, जेवायला चला म्हणाल्या, आणि बसल्या. एवढ्या छोट्या भाषणाबद्दल मंडळाने त्यांना मनापासून आमदार मानलं नाही, पण पुढच्या वर्षी पुन्हा बोलवायचं ठरवलं, येताना अवजारं घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर ही आमच्या दारातला बर्फ काढून शेजाऱ्यांच्या दारात पोचलेली. मी चहाचा कप घेऊन पायरीवर उभा राहिलो (गुडघे!) आणि तुझी तक्रार सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. तिने फावडं टेकून सगळं ऐकलं, एकदाही तोडलं नाही. हा गुण तिच्यात कुठून आला, हे आपल्या घरातलं कोडंच आहे. खुर्चीचं ऐकून तिने एवढंच विचारलं, “मामा, आई ते कव्हर अजून दर शनिवारी धुते?” मी हो म्हटलं. ती पुन्हा बर्फ काढायला लागली.

मग तिने जे सांगितलं ते तसंच उतरवतो. तिच्या गावात निवडणुकीआधी सगळे शाळेत जमतात. मोठ्या पातेल्यांत सूप असतं. उमेदवाराने बोलण्याआधी त्याच्या घरच्या कुणीतरी उभं राहून सांगायचं, की हा कोण, कुणाचा. कायद्यात नाही हे, पण त्याशिवाय तिथे कुणी पुढचं ऐकून घेत नाही. गेल्या वेळी बाकीच्यांचे कुणाचे काका उठले, कुणाची बहीण. हिचं नाव आलं तेव्हा कुणीच उठलं नाही. ही नुसती उभी. शेवटी ॲग्नेस म्हणून एक म्हातारी, तिथल्या मूळच्या लोकांपैकी, जिची कवळी हिने बनवली होती, ती काठी टेकत उठली. म्हणाली, “ही शैलजाची मुलगी. शैलजा लांब राहते.” आणि बसली. आसावरी म्हणाली, “काल तू बोललास ना मामा, घरचं कुणी माझ्यासाठी उठलं, हे पहिल्यांदाच झालं.” सर्दी नव्हती, हे मला तेव्हा कळलं. चहा गार झाला आणि मला फार वाईट वाटलं, ताई.

तर अशी ही हकीकत. अकराशे मतदारांच्या त्या गावाला तुझं नाव ठाऊक आहे, आणि मुलगी काय करते हे तू अजून पाटीलबाईंना सांगितलेलं नाहीस. कामगिरी मी प्रामाणिकपणे पार पाडली, याची नोंद घ्यावी. खांद्याला जपावं. धाकट्यांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार. आता थोरांत तूच उरली आहेस, तेव्हा सगळे नमस्कार तुलाच.

तुझा,
गुरुदत्त

ता. क. कामगिरीचा निकाल लिहायचा राहिला. ती पुन्हा उभी राहते आहे. राहा, असं मीच सांगितलं.

ता. क. दुसरा. पुढच्या ऑक्टोबरात तू इकडे ये. पासपोर्टची मुदत आहे, मी पाटीलबाईंच्या सुनेकडून बघून घेतलंय. व्हिसाचं मी पाहतो आणि तिथवर तुला मीच घेऊन जातो. तीन विमानं बदलावी लागतात, आणि शेवटच्या छोट्या विमानात बसण्याआधी माणसांचंही वजन करतात. तुझं तू कुणाला सांगत नाहीस, तिथे सांगावं लागेल. भाषण करायचं नाही. शाळेत उभं राहून ‘ही माझी मुलगी’ एवढंच म्हणायचं. मराठीत म्हटलंस तरी त्यांना कळेल.

ता. क. तिसरा, वसुधेकडून: लाडू कडक नव्हते. संग्रामचा दात आधीपासून हलत होता. वन्स, या.

ता. क. चौथा. गरम कपडे आणू नकोस. गेल्या निवडणुकीच्या वेळी तू येशील असं तिला वाटलं होतं, म्हणून तिने ॲग्नेस आजींना तुझा फोटो दाखवून अंदाजाने तुझ्या मापाचा कोट शिवून घेतला होता. तो तीन वर्षं तिच्या दारामागे खुंटीवर आहे. बाह्या थोड्या लांब झाल्यात, अशी तिला शंका आहे. घालून बघितल्याशिवाय कळायचं नाही.