घोट्याच्या वर

मंगळवार, रोहा

गडबहून सुनेला घेऊन आलेले सासरे दारातूनच म्हणाले, "भातलावणीच्या चिखल्या हायत, मलम द्या." मी लिहायलाही घेतलं. पण साडीच्या काठाशी एक डाग डोकावला. चिखल्या बोटांच्या बेचक्यात होतात, घोट्याच्या वर कशाला? ती सासऱ्यांसमोर साडी उचलेना. त्यांना चहाला पाठवलं. मग गुडघ्यापर्यंत जांभळे, हाताला उंच लागणारे डाग दिसले. काचेचा ग्लास त्यांवर दाबला, तरी फिके होईनात; म्हणजे रक्त कातडीखाली झिरपलेलं.

"नाकातून रक्त येतं का गो?"

"व्हय, रोज खपल्या निघतात."

लघवी तपासली, तीतही रक्त सापडलं. रक्तवाहिन्यांनाच सूज आहे, माझी खात्री आहे. उद्या सकाळीच मोठ्या दवाखान्यात. मूत्रपिंडं वाचतील, वेळेत आलीय.

सासरे परतताच साडी पुन्हा घोट्यावर. यापुढे घरच्यांना आधी चहाला पाठवायचं, मग पाय बघायचे.